वायर धरून

लातूरच्या घरी डिश बसवायला आलेला माणूस अँटेनाची जुनी काळी वायर ओढून काढत होता. तिला चिकटलेल्या मातीचा वास आला आणि मी थेट किल्लारीत, भूकंपानंतरच्या त्या सकाळी जाऊन पोचलो.

आत्याचं घर शोधायला बाबा आणि मी गेलो होतो. गल्लीच उरली नव्हती, नुसते दगड आणि माती. एका ढिगावर मात्र वाकलेली अँटेना दिसली. गल्लीत टीव्ही एकट्या आत्याकडंच होता.

"वायर धरून उकरत चला," बाबा म्हणाले. "ती टीव्हीम्होरंच झोपती."

माणसं हातांनी दगड काढू लागली. "वढू नका रं, तुटली तर कुठं शोधायचं?" बाबा सारखे बजावत होते. आम्ही ती वायर जखमेवरची पट्टी सोडवावी तशी हळूहळू मोकळी करत गेलो. दुपारी टीव्ही हाताला लागला. त्याच्यासमोर सतरंजी होती आणि सतरंजीवर आत्या, थंडगार पडलेली.

"वायर चांगली हाय की, सर," डिशवाला म्हणाला. "कुठंच तुटलेली न्हाई. राहू देऊ का?"

"काढून टाका," मी जरा जोरातच म्हणालो.

किल्लारीतली ती वायरही कुठंच तुटलेली नव्हती.