लहानीनं आधी बोलायचं

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. त्यांचा भाचा बोलत होता. "मावशी सकाळी गेली," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली जुडीही निवडून टाकली. रडू आलं नाही. महिना उलटला, अजूनही तसं आलेलं नाही. आठवणी मात्र येतात, आणि माझा स्वभाव तुम्हाला कळेलच, मनात आलेलं बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

नलूताई इथं रायपुरात, चौबे कॉलोनीत राहायच्या आणि कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही डोक्यात शिरलं ते थोडं वाचनालयातून आणि पुष्कळसं ताईंच्या ओट्यावर बसून. माणूस दुसऱ्याचं का ऐकतो, हा त्यांचा आवडीचा विषय. कोट घातलेल्या साहेबानं शांतपणे सांगितलं की भली माणसंही समोरच्याला इजा करत राहतात, असं कुठं तरी करून पाहिलेलं आहे, हे त्यांनी मला स्वेटर विणता विणता सांगितलं. मी म्हटलं, "ताई, यात नवीन काय? आमच्या घरी कोट नव्हता, सासूबाईंचा पदर होता." त्या इतक्या हसल्या की टाके सुटले.

आमचं मराठी महिला मंडळ होतं, अजूनही आहे. तेव्हा अध्यक्ष कुसुमकाकू, वयानं सगळ्यांत मोठ्या. एका वर्षी मंडळाच्या जेवणाला कढी केली होती. काकूंनी पळीभर चाखली आणि म्हणाल्या, "आळणी झाली." मग पळी फिरली. जी ती चाखे आणि म्हणे, हो बाई, आळणीच. मूठभर मीठ पडलं. पाहुण्यांनी एकेक घोट घेतला आणि वाट्या खाली ठेवल्या. नलूताई तेव्हा उशिरा आल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काकूंले तर सर्दी झाली होती. तुमच्या जिभांले काय झालं होतं?" मग त्यांनी समजावलं. डोळ्यांसमोरची आखूड रेघ बाकीचे सगळे लांब म्हणाले, तर आपल्यालाही ती लांब दिसल्यासारखी वाटते. पण एखादा जरी वेगळं बोलला, तरी आपल्याला धीर येतो. त्या दिवसापासून मंडळात नियम झाला, की लहानीनं आधी बोलायचं आणि मोठीनं शेवटी. कुसुमकाकू कुरकुरल्या, "म्हणजे म्हातारीनं सगळ्यांचं उष्टं बोलायचं काय?" पण मानलं त्यांनी.

पुढं छत्तीसगढ हे नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झाली. शंकर नगरात भाडी वाढली, नवे चेहरे आले, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "आप लोग कहाँ के हो?" आमच्यातली काही घरं मराठ्यांच्या राज्यापासून इथली, काही रेल्वेच्या नोकरीपायी विदर्भातून आलेली. पण या प्रश्नाला उत्तर देताना सगळ्याच अडखळायच्या. नेमकं त्याच सुमारास माझ्या मुलानं इथल्याच गुढियारी वस्तीतल्या दुलारीशी लग्न केलं. ती छत्तीसगढी बोलणारी, मराठी तिला समजायचं तेवढं समजायचं. तिला माझ्याबरोबर मंडळात यायचं होतं. कुसुमकाकूंनी नवा नियम मांडला: जिची मायबोली मराठी, तीच सभासद. मुलानं मला घरी सांगून ठेवलं, "आई, तिले नाही घेतलं तर तू बी जायचं नाही." म्हणजे घरात शांतता हवी तर मंडळ सोडा. आणि मंडळ सोडून मी जाणार कुठं...

नलूताई आपल्या बाजूनं आहेत, असं मी धरूनच चालले होते. कारण त्यांनीच तर सांगितलं होतं, "चिठ्ठ्या उचलून माणसांचे दोन गट पाडले ना इंदू, तरी घटकाभरात आपला गट शहाणा अन् दुसरा येडा वाटाले लागते."

सभा भरली. सगळ्यांत लहान मंजू, नुकतीच लग्न होऊन अमरावतीहून आलेली. ती म्हणाली, "मले नियमाचं काही कळत नाही. पण इथं आल्यावर दुलारीवहिनीनंच मले बाजार दाखवला. तिले काहून नाही घ्यायचं?" पुढची म्हणाली, घ्या. तिच्या पुढची म्हणाली, नको. असं करत करत 'घ्या' म्हणणाऱ्या जास्त भरल्या. मग नलूताईंची पाळी आली. त्या म्हणाल्या, "माझं मत, घेऊ नये."

त्या पुढं म्हणाल्या, "पोट्टे घरात हिंदीत उत्तर देऊन राहिले. आठवड्यातली एक दुपार तरी अशी असावी, जिथं मराठीच कानावर पडेल."

कुसुमकाकू चिडल्या. "मग आधी काहून नाही बोलली, नले?"

"माझा नंबर नव्हता," ताई म्हणाल्या.

दुलारीला घेतलं. परतताना आम्ही दोघीच होतो. ताई हरल्या होत्या, पण चप्पल नेहमीसारखीच फटफटत होती. मी म्हटलं, "तुम्ही आधी बोलल्या असत्या तर माझी सून बाहेर राहिली असती."

"हव."

"मग?"

"मग सगळ्या माझ्यासारखं बोलल्या असत्या, अन् मी बरोबरच आहे असं मले वाटलं असतं."

परवा मंडळात त्यांची शोकसभा झाली. सुरुवात माझ्या नातीनं केली, दुलारीच्या मुलीनं. आता तीच सगळ्यांत लहान. म्हणाली, "मुझे तो नलूआजी से डर लगता था. हिंदी में पूछो तो जवाब ही नहीं देती थीं." कोणी तिला गप्प केलं नाही. पुढच्या दोघी म्हणाल्या, भीती त्यांनाही वाटायची. दुलारी तिच्या हेलातल्या मराठीत म्हणाली, "माझ्याशी शेवटपर्यंत मराठीतच भांडल्या. मी बी मराठीतच भांडली."

माझी पाळी सगळ्यांत शेवटी आली. कुसुमकाकू नाहीत, मोठी आता मीच. मी म्हटलं, दुलारीला घेऊ नये हे ताईंचं मत मला त्या दिवशी पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

दोघींनी 'हव' म्हणून मान हलवली. बाकीच्यांनी नाही हलवली.