सेक्रेटरींच्या मागची खुर्ची

“स्वल्प वेट माडी,” असं आमचा कोच म्हणायचा आणि डावा गुडघा चोळायचा. जरा थांबा, एवढाच अर्थ. बेंगळुरूत राहून कन्नड शिकला ते इतकंच. बाकी सगळं गाणं म्हटल्यासारख्या इंग्रजीत. पण समोरचा खरोखर थांबायचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शहरातल्या एका बड्या क्लबनं त्याला त्रिनिदादहून फुटबॉल खेळायला आणलं होतं. गुडघा सुजलेला असताना क्लबच्या सेक्रेटरींनी इंजेक्शन द्यायला लावून त्याला मैदानात उतरवलं आणि गुडघा कायमचा गेला. प्लास्टर घालून तो इस्पितळातून परतला, तर क्लबनं दिलेल्या खोलीला नवं कुलूप आणि त्याची सूटकेस वॉचमनच्या स्टुलावर. सेक्रेटरी वरच्या गॅलरीत उभे होते. खाली आले नाहीत. हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

मी तेव्हा बेंगळुरूबाहेर होसकोट्याच्या एका कारखान्यात कॅन्टीन पाहायचो. कारखान्याच्या फुटबॉल संघाचा मॅनेजरही मीच, कारण केळी आणि उकडलेली अंडी माझ्या ताब्यात होती. आमच्याकडे कोच म्हणून आला त्याच दिवशी त्यानं विचारलं, “अण्णा, त्या क्लबशी आपली मॅच कधी?”

“ते वरच्या डिव्हिजनमध्ये आहेत. आपण कुठे, ते कुठे?”

“ओके. मग आपण वर जाऊ.”

आणि नेलंही. पोरांना तो पिळून काढायचा. कुणी दमून बसलं की म्हणायचा, त्या सेक्रेटरीला शिवी दे आणि ऊठ. आमच्या फिटर-वेल्डर पोरांनी त्या गृहस्थांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या नावानं दातओठ खायची. मीही खायचो. राजाजीनगरच्या घरून बसनं कामावर येताना मी मनातल्या मनात त्यांना रोज हरवत असे. सूड वाईट असतो असं सांगणारे शहाणे तुम्हीही पाहिले असतील. त्यांची सूटकेस कुणी बाहेर ठेवलेली नसते.

तिसऱ्या वर्षी त्या क्लबशी गाठ पडली. मध्यंतराला आम्ही दोन गोलांनी पुढे होतो. सेक्रेटरी उठून गाडीकडे निघाले. कोच लंगडत धावला आणि गाडीच्या दारासमोर उभा राहिला.

“स्वल्प वेट माडी, सर. मॅच बाकी आहे.”

आवाज अगदी नम्र. भोवती माणसं जमली. सेक्रेटरी मुकाट्यानं परत येऊन बसले आणि हा त्यांच्या मागच्या खुर्चीवर. उरलेला सगळा वेळ तो मैदानाकडे न बघता त्यांच्या मानेकडे बघत राहिला. मान खाली गेली की हळूच म्हणायचा, “वर बघा, सर.” खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

तिसरा गोल त्यातच झाला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसते पास, कुठे अडखळणं नाही, आणि शेवटी आमच्या वेल्डरनं टाचेनं चेंडू आत ढकलला. तीन वर्षं तो हेच शिकवत होता.

मॅच संपून सेक्रेटरी गेल्यावर त्यानं मला विचारलं, “अण्णा, तिसरा कसा झाला?”

मला धड सांगता येईना. मग तो गोल करून दाखवायला दमलेली पोरंच पुन्हा मैदानात गेली. मी गोलकीपर झालो. त्यांनी पास दिले, वेल्डरनं टाच मारली, चेंडू बाहेर गेला. पुन्हा केलं, पुन्हा बाहेर. शेवटी मी गोल मोकळा सोडून बाजूला झालो. कोच बाकावर पुढे झुकून लहान मुलासारखा बघत होता.

अंधार पडेपर्यंत पोरं धडपडली, पण तो गोल काही पुन्हा झाला नाही. पुढच्या महिन्यात कोच आपल्या बेटावर परत गेला, न बघताच.