बाईंच्या गोष्टीचा शेवट

जळलेल्या मोटारी उघडून त्यांत नवी तार भरून देणं हा त्यांचा धंदा, पण सगळा बाजार त्यांना कानसेन म्हणायचा. गाण्याचा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा. पंपाची मोटार आली की ते आधी ती चालू करत, स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगावर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. मग सांगत, मागचं बेअरिंग गेलंय, तार शाबूत आहे. उघडून पाहावं तर तसंच निघे. एखादं गिऱ्हाईक घायकुतीला येऊन म्हणालं, की आत्तापुरती चालू करून द्या, मग बघू, तर यांचं डोकं फिरायचं. आधी आजार, मग औषध, हे त्यांचं ब्रीद. आजार सापडेपर्यंत मोटार दुकानाबाहेर पडायची नाही, मग तिकडे गिऱ्हाइकाच्या घरी नळ कोरडा का राहीना.

असा माणूस दुकानात शोभतो. घरात तो कसा असतो, हे त्याच्या बायकोला विचारावं. कानसेनांची बायको लहान मुलांच्या शाळेत शिकवायची, म्हणून तिला सगळे बाई म्हणत, नवरासुद्धा. बाईंचा आवाज काही मोठा नव्हता, पण पोरांच्या गलक्यातून वाट काढत तो शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. गोष्ट सांगायला लागल्या की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी. त्याच गळ्यात गाठ निघाली. बायोप्सी झाली, डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, की जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. म्हणजे आवाज जाणार. थोडा नाही, सगळा.

ऑपरेशनच्या आधीचे काही दिवस बाईंनी घरातल्या कॉम्प्युटरला माइक लावून त्यात गोष्टी बोलून ठेवल्या. मुलगी दूरच्या शहरात होती, तिला दिवस गेले होते. नातवंडाला आजीचा आवाज कसा असतो ते कळायला हवं, एवढाच हेतू. बोलताना त्या खोलीचं दार लावून घेत. आयुष्यभर पोरांसमोर गोष्टी सांगितल्या, पण नवऱ्यासमोर त्यांना संकोच वाटायचा. कानसेन तरी कधी ऐकायला बसले होते? मुलगी लहान असताना ते दुकानातून यायचे तेव्हा ती झोपलेली असे. गोष्टी मुलीला बाळ झाल्यावरच पाठवायच्या, आधी नाही, असं बाईंनी ठरवून टाकलं. ऑपरेशननंतर त्या घरी आल्या, मानेवरच्या भोकातून श्वास घ्यायला आणि शाळेतल्या पाटीवर लिहून बोलायला शिकल्या. आपला आवाज घरात लावलेला त्यांना नको होता. कानसेनांनीही तो विषय काढला नाही.

आणि मग तो कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायला लागला.

चांगला चालतोय, चालतोय, आणि मधेच पडदा काळा. पुन्हा पहिल्यापासून. कधी पाच मिनिटांनी, कधी पंधरा. बाईंनी लगेच पाटी पुढे केली. "आधी गोष्टी दुसरीकडे काढून घ्या." कानसेन म्हणाले, काढू की, पळून चाललंय का ते, आधी कशानं होतंय ते बघतो. बाईंनी दुसऱ्यांदा लिहिलं, की एखाद्या दुकानात दाखवा. यावर ते उखडले. दुकानवाला काय करतो, आल्या आल्या सगळं पुसून टाकतो आणि नवं भरतो, रोगी मेला तरी ऑपरेशन यशस्वी. यात तथ्य होतंच. पण खरं कारण ते नव्हतं. यंत्र बिघडलंय आणि दुसरा कुणीतरी ते उघडतोय, हे त्या माणसाच्या पचनीच पडणारं नव्हतं.

बाईंनी पाटी पुसली आणि तिसऱ्यांदा लिहिलं, "घर पेटलं तर आधी माणसं बाहेर काढतात. कशानं पेटलं ते मग बघतात." हे वाचून कानसेन हसले. ते हसणं त्यांना पुढे फार महागात पडलं.

त्यांनी पद्धतशीर सुरुवात केली. आधी भिंतीतलं प्लगचं भोक तपासलं, मग अर्थिंग. एक्स्टेन्शन बोर्ड बदलला. मिक्सर त्याच लाइनवर आहे म्हणून तो लावायला बंदी केली, आणि बाई निमूटपणे पाट्यावर वाटायला लागल्या. तरी कॉम्प्युटर बसलाच. मग दुकानातला ब्लोअर आणून आतली धूळ उडवली. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. प्रोसेसरवरचा पंखा उतरवून त्याखालची सुकलेली पेस्ट बदलली. दर उपायानंतर यंत्र थोडं जास्त चालायचं, आशा लागायची, आणि मधेच पडदा काळा.

आता दर वेळी तपासायचं कसं, की सुधारलं का नाही? कानसेनांनी त्यावर जी युक्ती काढली ती फक्त त्यांनाच सुचली असती. डोळ्यांनी दिसणाऱ्यावर त्यांचा भरवसा नव्हता, कानावर होता. त्यांनी बाईंची एक गोष्ट लावली. मोटार तपासताना पंप चालवून बघतात ना, तसं. यंत्र ठीक असेल तर गोष्ट पूर्ण होईल, नसेल तर मधेच तुटेल.

"एक होती शेळी," बाईंचा आवाज खोलीत आला. कितीतरी महिन्यांनी. कानसेनांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. "तिच्या गळ्यात होती घंटा. शेळीला आला घंटेचा कंटाळा. जाईल तिथं किणकिण, लपावं तर किणकिण. मग एक दिवस शेळीनं काय केलं, घंटा काढली आणि झाडाला बांधून टाकली. संध्याकाळी आला मालक शोधायला. वाऱ्यानं घंटा वाजली, मालक पळाला झाडाकडे. झाडाखाली बघतो तर" आणि पडदा काळा.

यंत्र चालू होऊन चांगलं तापलं की मगच ते गोष्ट लावत, म्हणून कधी घंटेपाशी तुटायचं, कधी मालकापाशी. नशीब जोरावर असलं तर झाडापर्यंत. त्यापुढे एकदाही नाही. मग पुन्हा चालू, पुन्हा तीच शेळी. खरं सांगायचं तर कानसेनांना हाव सुटली होती. पट्टी घासली, लाव गोष्ट. वायर हलवली, लाव गोष्ट. तपासायचं निमित्त होतं, पण त्यांना तो आवाज हवा होता, आणि हवाय असं बायकोला सांगायची त्यांना लाज वाटत होती. गोष्टीचा शेवट मात्र ते मुद्दाम पुढे ढकलत. सरकवून शेवट ऐकता आला असता. पण नाही, यंत्र बरं झालं की निवांत, सलग ऐकू.

स्वयंपाकघरात बाई आपला स्वतःचा गेलेला आवाज दिवसभर ऐकत होत्या, आणि दर वेळी तो कापला जात होता. पहिल्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाटी आणून दाखवली, "बंद करा." कानसेनांना वाटलं, आवाजाचा त्रास होतोय. त्यांनी आवाज कमी केला. एवढा कान असलेला माणूस, पण तेव्हा बहिराच होता.

त्यांनी सवयीनं एकदा स्क्रूड्रायव्हर आतल्या भागांनाही टेकवून पाहिला. पंखा गोल फिरत होता, खरखर नव्हती. हार्ड डिस्कच्या डब्यातून मधूनच टक असा बारीक आवाज आला. तो त्यांनी ऐकला. ऐकला नसता तर निदान तेवढं समाधान राहिलं असतं. पण त्या टकमुळे यंत्र बसत नव्हतं, म्हणजे तो आजार नव्हे, असं म्हणून त्यांनी टोक पुढे सरकवलं.

आजार शेवटी सापडला. वीज पुरवणाऱ्या पेटीतले दोन कपॅसिटर डोक्यावर फुगले होते, ताण आला की त्यांचा दम संपायचा. कानसेनांनी पेटी बदलली, झाकण लावलं आणि बाईंना हाक मारली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बटण दाबलं. यंत्र सुरू झालं, पंखा लोण्यासारखा फिरायला लागला. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, अर्धा तास झाला, एकदाही बसलं नाही. पडद्यावर मात्र काळ्यावर पांढरी एकच ओळ होती, की डिस्क सापडत नाही. आतून टक, टक, टक येत होतं, आता कुणालाही ऐकू जाईल असं.

ज्या दुकानात जायचं नव्हतं त्याच दुकानात जावं लागलं. तिथल्या माणसानं डिस्क उघडून पाहिली. सुई तबकडीवर घासली होती, गोल चरा पडला होता. तो म्हणाला, पेटी खराब असताना दर झटक्याला डिस्क मार खात होती. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मधली पाच-दहा मिनिटं चालत होतं ना? तेवढ्यात पेनड्राइव्हवर घ्यायचं होतं. अशा फाइलींना कितीसा वेळ लागतो?"

कानसेनांनी डिस्क खिशात घातली. वाटेत त्यांना आपलं दुकान लागलं, ते आत गेले नाहीत. घरी येऊन त्यांनी डिस्क टेबलावर ठेवली. काय झालं ते बाईंना सांगायची गरज पडली नाही. बाईंनी ती उचलली, पदरानं पुसली आणि शिलाईच्या डब्यात ठेवून दिली. त्या आठवडाभर घरातली पाटी कोरी होती, आणि कानसेनांना वाटे, चार शिव्या लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलगी बाळंत झाली. दवाखान्यातून घरी गेल्यावर तिनं फोन केला. कानसेनांनी तो स्पीकरवर टाकून बाईंच्या आणि आपल्या मधे ठेवला. बाळ पलीकडे कुरकुरत होतं. मुलगी म्हणाली, की आईनं बोलून ठेवलेल्या गोष्टी आता तरी लावा, ती शेळीची तरी. आई त्या गोष्टीचा शेवट दर वेळी वेगळा करायची, या वेळचा मला पण माहीत नाही.

सांगायची हीच वेळ होती. कानसेन म्हणाले, "कॉम्प्युटर जरा बिघडलाय. मीच सांगतो."

"एक होती शेळी," त्यांनी सुरुवात केली. शब्दन् शब्द तोंडपाठ होता. बाई जिथे थांबल्या होत्या तिथे ते थांबले, त्यांनी जिथे किणकिण ओढून म्हटलं होतं तिथे यांनीही ओढलं. बाई चकित होऊन त्यांच्याकडे पाहायला लागल्या. पलीकडे बाळ गप्प झालं होतं. घंटा झाडाला बांधली गेली, संध्याकाळ झाली, मालक पळाला. "झाडाखाली बघतो तर," कानसेन म्हणाले, आणि थांबले.

"बाबा, पुढे?" मुलीनं विचारलं.

त्यांनी बाईंकडे पाहिलं. पाटी आतल्या खोलीत होती. बाई पुढे सरकल्या, फोनवर वाकल्या आणि गोष्ट सांगायला लागल्या. ओठ भरभर हलत होते, भुवया वर जात होत्या, हाताची बोटं शेळीची शिंगं झाली. मानेवरच्या भोकातून नुसता वारा येत होता. मुलगी पलीकडून हाका मारत होती. कानसेन डोळे फाडून त्या ओठांकडे बघत राहिले, पण शेळीचं पुढे काय झालं ते त्यांना कळलं नाही.