नाना आज माझ्या मागे बसले

मंडळी, आज सकाळी जळगावात स्पोर्ट टूरिंग मोटरसायकल बघायला गेले, तर सोबत चक्क माझे वडील, नाना, यायला निघाले.

नव्वदच्या दशकात, मी चौथीत असताना, नाना नरडाण्याजवळ ओल्या रस्त्यावर मोटरसायकलवरून घसरले. टायर पार गुळगुळीत झाला होता. पायात सळई घालावी लागली. तेव्हापासून ते मोटरसायकलवर बसले नाहीत. मी गाडीचा विषय काढला, की जेवणावरून उठायचे.

शोरूममध्ये मी दोन गाड्यांत अडकले. एक दिसायला झकास, पण वाकून चालवायची. दुसरीवर पाठ ताठ राहत होती.

माझी दर आठवड्याची धुळ्याची फेरी आठवून नाना म्हणाले, "दर हप्ताले तुले धुळ्याले जानं शे. ताठ बसता येई तीच ले."

मग खाली वाकून त्यांनी टायरच्या खाचांवरून बोट फिरवलं. "रेसना टायर नको. पावसाम्हा पानी बाहेर फेकतीन, असाच ले."

चालवून बघायला मी गाडी सुरू केली. नाना हेल्मेट घालून शेजारी उभे! "थांब, मी मांगे बठस."

पिंप्राळ्यापर्यंत जाऊन आलो. जाताना त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता. येताना त्यांचा हात सैल होता आणि ते गप्पा मारत होते.

गाडी बुक केली.

तुमच्यासाठी घरातल्या कुणी आपली भीती अशी बाजूला ठेवली आहे का?