बिनवासाचं औषध

मी काही लिहावं असं मला कुणी सांगितलेलं नाही, तेव्हा वाचणाऱ्यांनी आधीच माफ करावं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळं दोन ओळी लिहिल्या तरी कुणाची तरी जागा बळकावल्यासारखं वाटतं. पण विषय जंतांचा आहे. त्यावर लिहायला फारशी चढाओढ नसावी.

मांडवगण फराट्याच्या अलीकडं आमचा ऊस होता आणि त्याच्या मुळ्या हुमणी खात होती. हुमणी म्हणजे जमिनीतली जाड, पांढरी, वाकडी अळी. वरून ऊस पिवळा पडतो आणि हातानं ओढला की मुळा उपटावा तसा वर येतो. माझे वडील, म्हणजे आबा, दर वर्षी दुकानदार देईल ते दाणेदार औषध टाकायचे. त्याचा वास घरापर्यंत यायचा आणि आबांना बरं वाटायचं. हुमणीलाही बरं वाटत असावं, कारण ती वाढतच होती.

मी कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या सरांनी प्रयोगशाळेत सूत्रकृमी वाढवले होते. डोळ्यांना न दिसणारे, हुमणीच्या अंगात शिरून तिला मारणारे. मी मोठ्या धाडसानं, म्हणजे सरांच्या दारातून बऱ्याचदा परत फिरून, ते मागितले. सरांनी ओल्या स्पंजात भरून दिले आणि गारव्यात ठेवायला सांगितलं.

गावात गारवा एकाच ठिकाणी होता, स्टँडवरच्या चाचांच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात. चाचांनी पुडकं बाटल्यांमागं सरकवलं. "आत काय हाय ते मला सांगू नगं," ते म्हणाले. "गिऱ्हाइकानं इचारलं तर मला खोटं बोलता येत न्हाई."

घरी ओट्यावर आबांबरोबर शेजारचे आप्पा बसले होते. आप्पा सोसायटीचे संचालक, त्यामुळं त्यांना सगळ्यातलं कळायचं. मी शुद्ध भाषेत सांगितलं, "हुमणीसाठी सूत्रकृमी आणलेत."

"सूत्रकृमी?" आप्पा सावरून बसले. "परवाच तळेगाव ढमढेऱ्याला मेळावा झाला. टोमॅटोच्या मुळ्यांना गाठी आणत्यात ते सूत्रकृमीच. सायेब घसा फोडून सांगत व्हता, मारा त्यांना. आन् तू त्यास्नी येष्टीत बसवून आणलंस? तिकीट तरी काढलंस का?"

"ते वेगळे, आप्पा. ते मुळ्या खातात, हे अळ्या खातात. एकाच कुळातले, पण..."

"म्हंजी भाऊबंदच की. मग इश्वास कसला ठेवायचा?"

आबांनी सगळा विषय स्वतःच्या भाषेत घेतला. "जंत हायेत, असं म्हण की सरळ." मग म्हणाले, "वरच्या तुकड्याला तुझं जंत घालू. पण त्यो ऊस गेला, तर ह्या घरात पुन्यांदा शेतीतलं बोलायचं न्हाई. नोकरीचं बघायचं."

ऊन उतरल्यावर चाचांकडून पुडकं घेऊन रानात गेलो. आबांनी फवारणीचा पंप आणला होता. मी भीत भीत म्हणालो, "पंप नको. त्यात जुन्या औषधाचा अंश असेल, हे मरतील."

आबांनी पंप खाली ठेवला. "ह्यांना औषध सोसत न्हाई. आन् हे हुमणी मारणार."

स्पंज बादलीत पिळला आणि आम्ही तांब्या तांब्यानं ते पाणी बुडख्यांना घातलं. आबांनी बादलीत वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. "वासच न्हाई," ते म्हणाले, आणि त्या स्वरात माझ्या सगळ्या शिक्षणाचा निकाल होता.

मी दौंडमार्गे वसतिगृहावर परतलो. गावात माझी कीर्ती माझ्यामागं पसरली होती. मांडवगणचा एक मुलगा सुट्टीवरून आला तो हसतच. "आप्पा बसस्टँडवर सांगत होते, जंताचं औषध ऐकलं होतं, औषधाचं जंत पहिल्यांदाच बघितलं." आबांबद्दल विचारलं तर म्हणाला, लोक चेष्टा करतात म्हणून ते हल्ली सोसायटीकडं फिरकत नाहीत. तेव्हा माझं हसू आटलं. घरी फोन नव्हता, आणि असता तरी काय विचारायचं ते मला सुचलं नसतं. मी नोकरीच्या जाहिराती वाचू लागलो. शेती सोडून बाकी सगळ्यांच्या.

मग एकदा वॉर्डनच्या खोलीतून हाक आली. फोनवर चाचा होते.

"तुझं आबा हितंच उभं हायेत, पर फोन घेत न्हाईत. म्हणत्यात, तुम्हीच सांगा. वरचा तुकडा उकरून बघितला. हुमणी मरून पडलीया, लाल, इटकरीवानी. ऊस हिरवा हाय. येताना आनखी स्पंज आण."

मी वॉर्डनच्या टेबलावरचा कागद ओढून त्यावर 'स्पंज' असं लिहिलं.

"आन् आप्पालाबी एक पायजे. पर त्यो म्हणतो, कुनाला कळू देऊ नगा." पलीकडं कुणीतरी काही पुटपुटलं. चाचा ऐकत होते. "हां, सांगतो, सांगतो. आबा म्हणत्यात, ह्या खेपेला जमलं तर जरा वासाचं बघ."