गडग्याला किल्ला म्हणणारे

लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा पन्नास साल नुकतंच मागे पडलं होतं. आमच्या चाळीमागची पायवाट टेकडीवर जायची आणि तिथे झाडीत दगडी भिंती होत्या. कमरेइतक्या, चुन्याचं बोट न लागलेल्या. त्या कुणी बांधल्या यावर आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी काथ्याकूट चाले. माझे सासरे कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या मते तो किल्ला. शेजारचे पोर्तुगीजांचं नाव घेत, आणखी कुणी थेट पांडवांवर जाई. आधी मला हसू यायचं, मग डोकं फिरायला लागलं.

मी कोकणातली. तो सरळसरळ गडगा होता. आमच्याकडे वाडीभोवती असाच दगडावर दगड रचतात. आतबाहेर करायला वाट ठेवतात आणि तिच्या दोन्ही अंगांच्या उभ्या दगडांना भोकं पाडतात. त्यांत आडवे बांबू सरकवले की गुरं आत येत नाहीत. इथेही ती भोकं होती. आत आंब्याची जुनी झाडं होती, तीही एका ओळीत. रानात आंबे ओळ धरून उगवतात होय?

शिवाय त्या वाडीची मालकीण चांगली जिवंत होती. म्हातारी गडग्याच्या आतच झोपडीत राहायची आणि आम्हाला करवंदं आणून विकायची. तिला एकानेही कधी विचारलं नाही.

एका उन्हाळ्यात जंगलाची हद्द आखायला सरकारी साहेब आला. तिथे जुनी वहिवाट होती असं ठरलं तर झोपडी राहणार, नाहीतर म्हातारीला उठवणार. जाणती माणसं म्हणून साहेबाने चौकशीला आमचाच ओटा गाठला. म्हातारी खाली उन्हात उभी.

"ऐतिहासिक तटबंदी आहे," सासरे म्हणाले. "शेतीबितीचा काही संबंध नाही."

"माझे सासऱ्याचे बापानं रचलाय ह्यो, सायेब," म्हातारी म्हणाली.

मला राहवलं नाही. दारातूनच म्हटलं, "मामंजी, तो गडगा आहे. माझ्या माहेरी आमच्या वाडीला अस्साच आहे."

"सूनबाई, चहा टाका," ते म्हणाले. मग साहेबाकडे वळून हसले. साहेबही हसला. त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती आजही उतरलेली नाही. एका बाईचं घर मामंजींच्या किल्ल्याच्या हौसेपायी चाललं होतं आणि त्यांना चहा हवा होता.

पावसाआधी झोपडी मोडली. म्हातारी कुठे गेली कळलं नाही. मी विचारत फिरले, पण कुणाला ठाऊक नव्हतं आणि पर्वाही नव्हती.

दिवाळीत पाहुणे आले. सासरे त्यांना मोठ्या ऐटीत भिंती दाखवायला घेऊन गेले. फराळाचा डबा घेऊन मीही मागे. एका पाहुण्याने विचारलं, "पण हे बांधलं कुणी?"

"तेच तर गूढ आहे," सासरे म्हणाले. "विचारणार कुणाला? इथलं माणूसच कुणी उरलेलं नाही."