यांना कावीळ नव्हती

डॉक्टरांनी यांना सरळच विचारलं, "मरून जावं, असं वाटतं का?" मला रागच आला. पाच वक्त नमाज पढणाऱ्या माणसाला हे काय विचारणं! मी तोंड उघडणार, तोवर यांनी होकाराची मान हलवली होती.

नाशिकच्या त्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, डिप्रेशन. म्हणजे मनाचा आजार. त्यात माणूस आळशी नसतो, त्याचं ईमानही कच्चं नसतं. "गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील. तोवर एकटं सोडू नका. आणि विचारत राहा, विचारल्यानं असे विचार वाढत नाहीत."

यांचा बांगड्यांचा फिरता धंदा. जामसर-दाभोशाच्या बायका वाट बघायच्या, पण पेटी कधीची कोपऱ्यात पडून होती.

जव्हारला परतल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मोहल्ल्यात कळलं तर? मरणाचा विचारही आपल्यात हराम. कावीळ झाली म्हण." मीही तेच सांगितलं.

आमच्यात आजाऱ्याला भेटणं सवाबाचं, पुण्याचं. सगळा मोहल्ला लोटला. कुणी उसाचा रस आणला, कुणी पोशेऱ्याहून झाडपाला. शेजारीण तर यांचे डोळे ताणून बघत म्हणाली, "पिवळे कुठं आहेत गं?" जाताना प्रत्येकाचा एकच सल्ला, काविळीत आराम हवा, पडू दे एकटं. लोक दार ओढून घ्यायचे, मी मागोमाग उघडायचे. भाकरी तव्यावर टाकून आत डोकवायचे. जिवाला नुसता घोर!

एका दुपारी गादीवाले गनीचाचा आले. त्यांचा तरणा मुलगा सलीम साप चावून गेलेला. थोडं बसून तेही उठले. "आराम कर, बेटा."

"चाचा, कावीळ नाही मला," हे म्हणाले. "जगावंसंच वाटत नाही."

सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, झालं! आता गावभर होणार!

चाचा पुन्हा खाली बसले. यांचा हात धरून म्हणाले, "सलीमला साप चावला नव्हता, बेटा. आम्ही तसं सांगितलं लोकांना. त्याला काय होतंय, कुणी विचारलंच नाही. मी पण नाही."

त्यानंतर चाचा रोज यायचे. मी बाजारात निघाले की यांच्यापाशी बसायचे. हळूहळू गोळ्या लागू पडल्या. हे आता पुन्हा फिरतीवर जातात. जीपला उशीर झाला की माझं आतबाहेर सुरू होतं, ते काही गेलं नाही. पण मी विचारते आणि हे सांगतात.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर विचारा. निदान एका माणसाला तरी खरं सांगा.

चाचांचे उपकार मी कशानं फेडू? चाची मला नंतर म्हणाली, त्या दिवशी चाचा घरी गेले आणि दोघं सलीमचं नाव घेऊन रडले. तो गेल्यापासून पहिल्यांदाच.